वरणावर तूप नाही, मग वरण कशाला?

फोनवर आईचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे तू आता जैनांसारखं करायला लागलीस का?" मी म्हटलं अगं नाही, ते लोक दूध-तूप खातात आणि कांदा-लसूण खात नाहीत, माझं बरोब्बर उलटं आहे, मी कांदा-लसूण दाबून खाते आणि दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, अंडं, मध यातलं काहीच खात नाही. पलीकडे जरा वेळ शांतता. मग "हा कुठला उपास काढलास? कुणी सांगितला?" आणि फोन बाबांकडे दिला.

ही २०२२ च्या जानेवारीतली गोष्ट. मी बर्लिनमध्ये राहते, नवरा आणि मी दोघंही आयटीवाले, आणि तो व्हीगन, म्हणजे माझ्यासारखा जनावरापासून आलेलं काहीच न खाणारा, नाही हे आधीच सांगते कारण सगळे तेच विचारतात. तो अंडी खातो, चीज खातो, स्वतःचं ऑम्लेट स्वतः करतो आणि तवा स्वतः घासतो, या एका अटीवर आमचा संसार सुरळीत चाललाय.

का सोडलं, तर त्यात मोठं तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. इथे शहराबाहेर ब्रांडेनबुर्गमध्ये शेतावर लोकांना बघायला बोलावतात, ट्रॅक्टर, भोपळे, पोरांना खेळायला पेंढ्याचा ढीग, तसल्या एका शेतावर आम्ही गेलो होतो. तिथे गोठ्याच्या मागे पांढऱ्या प्लास्टिकच्या घुमट्या होत्या ओळीने, प्रत्येकीत एकेक वासरू, आठवड्याभराचं असेल नसेल, आणि गाया पलीकडच्या शेडमध्ये. एक वासरू माझं बोट चोखायला लागलं. मला काय आठवलं असेल तर आमच्या गोठ्यातलं रेडकू. कऱ्हाडजवळ आमचं गाव, घरी चार म्हशी होत्या, म्हैस पान्हा सोडेपर्यंत रेडकू पाजायचं आणि पान्हा आला की दाव्याला धरून ओढून बाजूला बांधायचं, हे काम लहानपणी माझ्याकडे असायचं. म्हणजे ओढणारी मीच. त्यामुळे जर्मन शेतकऱ्याला नावं ठेवायचा मला काही हक्क नाही. पण त्या रात्री चहा करताना दुधाचा खोका हातात घेतला आणि परत ठेवला, तेवढंच.

आता तत्त्वाचं सोपं असतं, अवघड असतो तो चहा.

पहिल्यांदा सोया मिल्क घातलं. आलं किसून, साखर, पावडर, सगळं नेहमीसारखं उकळलं आणि सोया ओतलं तर वर पांढरे गोळे आणि खाली पिवळं पाणी, पनीर करायला घेतल्यासारखं. मग ओट आणलं. ते फुटत नाही पण आपण जसा चहा खळाखळा उकळतो तसा उकळला की ते घट्ट होतं, वर बुळबुळीत, आणि नवरा म्हणाला ही तर चहाची पेज आहे. शिवाय गोड लागतं, पाकिटावर साखर घातलेली नाही असं लिहिलेलं असलं तरी, कारण ओट्समधल्या स्टार्चची एन्झाइम घालून साखर झालेली असते, त्यामुळे माझ्या दीड चमच्यावर आणखी ही साखर. तीन महिने गेले या भानगडीत. आता मी करते असं: आलं-वेलची घालून कोरा चहा चांगला काळाकुट्ट उकळायचा, गॅस बंद करायचा, कॉफीवाल्यांसाठी जे बरिस्ता ओट मिळतं ते वेगळं गरम करून वरून ओतायचं आणि परत उकळायचं नाही. साखर अर्धा चमचा. टपरीच्या चहाच्या जवळपास जातो, अगदी तोच होत नाही, आणि तोच होतो असं सांगणाऱ्या व्हिडिओवाल्यांवर विश्वास ठेवू नका.

बरं, दुकानात गेलात तर 'ओटचं दूध' असं कुठल्याच खोक्यावर सापडणार नाही. २०१७ मध्ये युरोपच्या कोर्टाने निकाल दिला की दूध, लोणी, चीज हे शब्द जनावराच्या दुधापासून केलेल्या वस्तूंनाच, म्हणून खोक्यावर 'हाफरड्रिंक' लिहितात, ओटचं पेय. नारळाचं दूध मात्र अपवादांच्या यादीत आहे, ते दूधच. आणि टॅक्सची गंमत म्हणजे गाईच्या दुधावर ७ टक्के आणि ओटच्या पेयावर १९ टक्के. ही बातमी मी बाबांना सांगितली तर ते खूश झाले, म्हणाले सरकार शेतकऱ्याच्या बाजूने आहे तिकडचं.

मी जर्मन शिकताना क्लासमध्ये रेल्वे स्टेशन कुठे आहे वगैरे शिकले, पण मनापासून पाठ केलेला पहिला शब्द म्हणजे 'मोल्केनपुल्वर'. व्हे पावडर, म्हणजे दूध फाडून चीज केल्यावर जे पाणी उरतं त्याची पावडर. ती कशातही असते, पापरिका चिप्समध्ये असते, सूपच्या पाकिटात असते, बटाट्याच्या चिप्समध्ये गाय कुठून आली हे मला अजून कळलेलं नाही. एक बरं आहे की इथल्या कायद्याने दूध, अंडं, शेंगदाणे वगैरे ॲलर्जीच्या चौदा गोष्टी यादीत ठळक छापाव्या लागतात, त्यामुळे चष्मा नसला तरी दिसतं.

बाकी सुरुवातीला मी जे सगळे करतात तेच केलं. व्हीगन चीज, व्हीगन सॉसेज, व्हीगन अमुक, फ्रीज भरला आणि पैसे गेले. चीज तर खोबरेल तेलाचं असतं बरंचसं, पावभाजीवर घातलं तर वितळायच्या ऐवजी रुसून बसलं. मग एके दिवशी हिशेब मांडला की आपण आठवड्यात खातो काय. कांदेपोहे, थालीपीठ, पिठलं, मटकीची उसळ, भरली वांगी, आमटी, झुणका, ठेचा, भाकरी, मेथीच्या ऐवजी पालकाची पातळभाजी. यात दूध कुठेय? बर्लिनमध्ये दर मंगळवारी आणि शुक्रवारी कालव्याच्या काठाला माय्बाखउफरवर तुर्की बाजार भरतो, तिथे भेंडी मिळते, छोटी वांगी मिळतात, आणि कोथिंबिरीची जुडी अशी मिळते की सुपरमार्केटातल्या त्या चार काड्यांच्या कुंडीची कीव येते. नवलकोल तर इथे जिकडे तिकडे, पोरं कच्चे खातात. मी चण्याची डाळ घालून भाजी करते. केल नावाचा जो कुरळा पाला हिवाळ्यात ढिगाने मिळतो त्याची डाळ-दाणे घालून अळूसारखी पातळभाजी फार छान होते, चिंच-गूळ जरा सढळ हाताने घाला.

दही घरी लावते. सोया ड्रिंक घेताना मागे फक्त पाणी आणि सोयाबीन एवढंच लिहिलेलं घ्यायचं, कोमट करायचं, बोट घालून चटका बसणार नाही इतपत, दोन चमचे साधं सोया योगर्ट विरजण म्हणून, आणि ओव्हनचा नुसता दिवा लावून आत रात्रभर. सकाळी चमचा उभा राहतो. वास जरा कच्च्या शेंगेचा येतो, तो कोशिंबिरीत मोहरी-हिंगाची फोडणी पडली की जातो. कढी पहिल्यांदा फुटली, आता बेसन जरा जास्त लावून आधी पाण्यात शिजवून घेते आणि दही शेवटी, मंद आचेवर. एकच सांगते, जे असं बिनभेसळीचं सेंद्रिय सोया पितात त्यांनी लक्षात ठेवा, त्यात वरून कॅल्शियम घातलेलं नसतं, इथल्या सेंद्रिय नियमात ते बसत नाही. दह्याला ते, आणि एरवी प्यायला कॅल्शियमवालं, असं माझं चालतं. आणि बी-१२ ची गोळी, यात चर्चा नाही. कुणी म्हणालं की आमच्या आजोबांना कुठे गोळी लागत होती, तर आजोबा ताक पीत होते हे त्यांना सांगा.

हे सगळं बसलं. बसलं नाही ते एकच. वरणभात.

गरम भात, त्यावर साधं वरण, लिंबू, मीठ, आणि वर तूप, यातलं तूप काढलं की जे उरतं त्याला काय म्हणायचं? मी खोबरेल तेल घालून पाहिलं. कोकणातली माणसं हसतील, पण आमच्या बाजूला खोबरेल तेल डोक्याला लावतात, पहिला घास तोंडात घातला आणि शाळेत जायच्या आधी दोन वेण्या घालून बसल्यासारखं वाटलं. व्हीगन मार्गारीन घातलं, त्याबद्दल न बोललेलं बरं. मग सोडून दिलं. साधं वरण करायचंच बंद केलं, आमटीच करायची, फोडणी आहे, गोडा मसाला आहे, तुपाची आठवण येत नाही.

आणि मग मागच्या उन्हाळ्यात आई आली, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तूप-पेढे काही आणू नकोस, हे मी दहा वेळा सांगितलेलं, आणि तिने खरंच आणलं नाही. गोडा मसाला, कोकम, कुरडया, शेंगदाण्याची चटणी, एवढं घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनेच स्वयंपाक केला, कुकर लावला, वरण घोटलं, ताट वाढलं आणि वाटी शोधायला लागली. मी म्हटलं तूप नाहीये घरात. तिने डाव खाली ठेवला. "मग वरण कशाला केलं मी?"

नवऱ्याने हुशारी केली. संध्याकाळी दुकानातून 'बुटरश्माल्त्स' घेऊन आला, जर्मन लोक तळायला वापरतात ते कढवलेलं लोणी, म्हणजे तूपच. "आई, तुम्ही हे बघा." आईने डबा उघडून वास घेतला, "वासच नाही याला," मग कढईत परत कढवलं, जरा लालसर होईपर्यंत, आणि माझ्या व्हीगन स्वयंपाकघरात दोन वर्षांनी तो वास सुटला. मी खिडकी उघडायला उठले आणि उघडली नाही.

जेवताना ती सारखी माझ्या ताटाकडे बघायची. दोघांच्या भातावर पिवळी धार आणि माझा कोरडा. चौथ्या-पाचव्या दिवशी मला वाटलं तिला पटवावं, म्हणून मी म्हटलं अगं आई, आपलं जुनं जेवण सगळं असंच होतं की, भाकरी, ठेचा, उसळ, हुलग्याचं माडगं, त्यात दूध-तूप कुठे होतं? इथल्या इंडियन शॉपमध्ये हुलगे मिळतात, तू मला माडगं शिकव.

"माडगं नको," ती म्हणाली. "माडगं खूप खाल्लंय."

आईचं माहेर माण तालुक्यातलं, माणदेशातलं. बहात्तरच्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. हे मला माहीत होतं, म्हणजे आपल्याला जसं आई-वडिलांचं माहीत असतं तसं, वरवर. त्या दिवशी ती बोलली, नऊ वाजले तरी बाहेर ऊन होतं, इथे जूनमध्ये सूर्य मावळायचं नाव घेत नाही, आणि आम्ही भांडी तशीच ठेवून बसलो होतो. रेशनवर लाल मिलो मिळायचा, परदेशी ज्वारी, त्याची भाकरी थापली की चिरायची. माडगं म्हणजे हुलग्याचं पीठ, पाणी, मीठ, असला तर गूळ. जनावरं विकली होती. तिची आई खडी फोडायला जायची कामावर. "तूप आम्ही कुणाच्या लग्नात बघायचो. तेल असलं तर करडीचं, भाकरीवर कच्चं, चार थेंब." मग लग्न होऊन ती आमच्या गावाला आली, पाण्याच्या भागात, आणि पहिली म्हैस तिने स्वतःच्या हट्टाने घ्यायला लावली होती. ती म्हैस मला माहीत नाही, माझ्या जन्माआधीची. पण डेअरीतलं दहा दिवसांचं बिल मला चांगलं माहीत आहे, त्यावर माझ्या इंजिनिअरिंगची फी गेली. घरचं दूध डेअरीला जायचं तरी आई थोडं मागे ठेवायची, साय साठवायची, आणि वरणावर तूप कधी चुकू द्यायची नाही, पावसाळ्यात सुद्धा, आटायच्या महिन्यांत सुद्धा.

म्हणजे मी ज्याला आपलं जुनं साधं सात्त्विक जेवण म्हणत होते ते तिने धडपडून मागे टाकलेलं होतं, आणि तिची इंजिनिअर पोरगी जर्मनीत जाऊन, पगार घेऊन, मुद्दाम परत तिथेच जाऊन बसली होती. कोरडा भात घेऊन. वासरांचं मी तिला सांगितलं होतं, ते तिला कळलंही होतं, ती म्हणाली रेडकांचे हाल होतात हे मला सांगू नको, मी काढलेत धारा. तिला वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

मी काही तूप खायला लागले नाही, आणि तिनेही त्यानंतर विषय काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी म्हणाली बाजारात जाऊया. तुर्की दुकानात तेलांच्या बाटल्यांपुढे उभी राहून एकेकाचं बूच हुंगायची सोय आहे का विचार म्हणाली, मी म्हटलं इथे असं करत नाहीत. करडीचं मिळालं, 'डिस्टेल-योल' म्हणतात, पण तिने घरी येऊन चाटून बघितलं आणि बाजूला ठेवलं, रिफाइन्ड, पाण्यासारखं. मग इंडियन शॉपमधून घाण्याचं शेंगदाण्याचं आणलं. दोन चमचे तेल, जिरं, हिंग, चिमूटभर हळद, चार लसणाच्या पाकळ्या ठेचून, लसूण लाल झाल्याबरोबर उतरवायचं आणि गरम असतानाच ताटात वाढलेल्या वरणावर घालायचं, भांड्यात नाही, ताटात. प्रत्येक जेवणाला ती एवढीशी पळी वेगळी तापवायची माझ्यासाठी. मी म्हणायचे एकदमच करून ठेव ना बाटलीत. नाही. चर्र आवाज व्हायला पाहिजे म्हणे.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती परत गेली. बुटरश्माल्त्सचा डबा अजून फ्रीजच्या दारात आहे, पाव भरलेला. नवरा म्हणतो संपवतो, पण त्यालाही आता ते पळीभर तेलच आवडायला लागलंय, आणि साधं वरण आमच्याकडे परत आठवड्यातून दोनदा होतं. आई फोनवर विचारते, "लसूण करपवत नाहीस ना?" करपवते मी, अधूनमधून. तिला सांगत नाही.