एकशे सत्याऐंशी नावांची फाइल

माझ्या लॅपटॉपवर एक साधी मजकुराची फाइल आहे. तिच्यात एकशे सत्याऐंशी नावे आहेत, आणि एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती, डेटाबेसची नवी सुधारणा किंवा सर्वत्र चर्चा असलेले एखादे नवे साधन हाती आले की मी सर्वांत आधी ही फाइल त्यातून चालवून पाहतो. नावे कोणा एकाची नाहीत. आमच्या भागातील आडनावे आणि पहिली नावे वेगवेगळी करून, उलटसुलट जोडून मी ती तयार केली आहेत. मात्र त्यांतील प्रत्येक ओळीमागे कधी ना कधी प्रत्यक्ष कामात आलेली एक अडचण आहे.

मी बेळगावात राहतो आणि लहान सहकारी संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. या कामाचा आमच्याकडचा विशेष असा, की एकाच सभासदाचे नाव तीन लिपींत सांभाळावे लागते. पासबुकावर मराठी, सरकार दरबारी जाणाऱ्या कागदांवर कन्नड, आणि पॅन कार्डाशी जुळले पाहिजे म्हणून इंग्रजी. काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेतून दूरध्वनी आला. पलीकडच्या लेखनिक बाई म्हणाल्या, “ओ सर, कऱ्हाडकर मावशींचं खातं दिसेना झालंय की. मावशी इथं समोर बसलेत, पासबुक पण हातात हाय.” मी येथून शोधले तर खाते लगेच सापडले, त्यांनी तेथून शोधले तर सापडेना. दोघांच्याही पडद्यावर अक्षरे तंतोतंत सारखी होती.

कारण समजायला मला दोन दिवस लागले. “कऱ्हाडकर” मधील अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात स्वतंत्र ऱ आणि त्यानंतर हलन्त येतो; दुसऱ्या प्रकारात नेहमीचा र, हलन्त आणि त्यांच्यापुढे डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह येते. कोणता प्रकार उमटेल हे वापरलेल्या कीबोर्डवर अवलंबून असते. दिसायला दोन्ही एकच, संगणकाच्या लेखी मात्र दोन निरनिराळे शब्द. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याचे नियम, या दोहोंना एक मानत नाही, त्यामुळे प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीतील तयार फंक्शन वापरून हा प्रश्न सुटत नाही. नाव साठवण्यापूर्वी आपणच ते एका रूपात आणावे लागते. “ॲड.” या उपाधीचेही असेच आहे. ॲ हे अक्षर युनिकोडच्या तक्त्यात २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या नोंदींत अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे आढळतात, आणि त्या वकिलांचे नाव शोधताना जुन्या नोंदी निसटतात.

फाइलची सुरुवात या दोन ओळींनी झाली. त्यानंतर अनुक्रमाचा प्रश्न आला. काळे, कावळे, काशीद आणि कासार ही चार आडनावे संगणकाला नुसती क्रमाने लावायला सांगितली, तर काळे पहिल्या क्रमांकावर येतात, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे. मराठी शब्दकोश चाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की ळ चे स्थान ह नंतर आहे, म्हणजे काळे शेवटी यायला हवेत. सभासदांची छापील यादी वार्षिक सभेत वाटली जाते, आणि ज्येष्ठ सभासद आपले नाव वर्णमालेच्या क्रमाने शोधतात; ते जागेवर नसेल तर आपल्याला वगळले असाच त्यांचा समज होतो. येथे सीमाभागातील माणसाला विशेष वाटावी अशी एक गोष्ट आहे. कन्नड वर्णमालेतही ळ हा ह नंतरच येतो. भारतीय लिप्यांचे युनिकोडमधील तक्ते आपल्याकडच्या इस्की या जुन्या मानकाच्या आराखड्यावर बेतलेले असल्यामुळे दोन्ही लिप्यांत ळ ची जागा सारखीच, ल च्या शेजारी, आहे, आणि म्हणून एकच चूक दोन्ही भाषांच्या याद्यांत सारख्याच ठिकाणी उद्भवते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोडविषयक सॉफ्टवेअर संचातील भाषावार क्रमनियम वापरता येतात, आणि जावास्क्रिप्टमध्येही भाषा सांगून क्रम लावण्याची सोय आहे. या सोयी कित्येक वर्षे उपलब्ध होत्या. मला त्या माहीत नव्हत्या, कारण तोवर मी नव्या आवृत्तीच्या घोषणेत वेग किती वाढला एवढेच वाचत असे.

माझ्या वाचनाची पद्धत त्यानंतर पूर्ण बदलली. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते, पोस्टग्रेसची साधारण त्याच सुमारास, गो भाषेच्या वर्षातून दोन आणि रस्ट भाषेची तर दर सहा आठवड्यांनी एक. हे सारे वाचायचे ठरवले तर काम करायला वेळ उरत नाही. मी प्रत्येक घोषणापत्रात आधी तीन गोष्टी शोधतो: युनिकोडची कोणती आवृत्ती धरली आहे, क्रमनियमांत काही बदल आहे का, आणि जुना साठा नव्या आवृत्तीवर नेताना काय पुन्हा बांधावे लागेल. तिसरी गोष्ट मी फार महागात शिकलो. २०१८ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधील जीलिबसी या मूलभूत संचाच्या २.२८ या आवृत्तीत अक्षरांचे क्रमनियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेटाबेसचा निर्देशांक, म्हणजे नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची, ज्या क्रमाने रचलेला असतो तो क्रमच ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीबरोबर बदलला, तर निर्देशांक जागच्या जागी चुकीचा ठरतो, आणि अस्तित्वात असलेली नोंद “नाही” म्हणून सांगितली जाते. एका संस्थेत मी डेटाबेसला हातही न लावता फक्त सर्व्हरची सिस्टिम बदलली आणि निर्देशांक पुन्हा बांधायचे राहून गेले. चूक सर्वस्वी माझी होती. सोमवारची सकाळ, खिडकीपुढे रांग आणि निम्मी नावे सापडत नाहीत, हे दृश्य मी विसरलेलो नाही.

फाइलमधील माझी सर्वांत आवडती ओळ “ज्ञानेश्वर” ही आहे. या नावाची लांबी किती? पायथॉनला विचारले तर उत्तर दहा येते, कारण ते ज, हलन्त, ञ, काना असे सुटे घटक मोजते. वाचकाला दिसणारी अक्षरे मोजायची असतील तर युनिकोडचे वेगळे नियम आहेत, आणि त्यांच्या जुन्या रूपानुसार उत्तर सहा येत असे, म्हणजे ज्ञा आणि श्व ही जोडाक्षरे मधोमध तुटत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम आला आणि उत्तर चार झाले: ज्ञा, ने, श्व, र. पहिलीतले मूल जे उत्तर देईल तेच. मी ही फाइल चालवून चार हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पासबुकाच्या अरुंद ओळीत नाव बसेना झाले की प्रोग्रॅम ते कापतो, आणि आता तो ज्ञ चे दोन तुकडे करणार नव्हता. परंतु हाच नियम देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांपुरता होता. त्या यादीत कन्नड नव्हती. तेच नाव कन्नडमध्ये लिहिले की उत्तर पुन्हा सहा.

आता परिषदांविषयी. येथून पुण्याला किंवा बेंगळुरूला जायचे म्हणजे दोन दिवसांचे काम बंद ठेवायचे आणि रात्रीच्या गाडीचे आरक्षण महिनाभर आधी करायचे. पायकॉन इंडिया ही पायथॉनवाल्यांची परिषद २००९ साली बेंगळुरूत सुरू झाली, आणि मुक्त सॉफ्टवेअरसाठी होणारी इंडियाफॉसही अलीकडे त्याच शहरात भरते. पहिल्या एक-दोन खेपांना मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही व्याख्यान चुकवले नाही. वही भरून साधनांची नावे आणली आणि परत आल्यावर त्यांतले एकही वापरले नाही. पुढच्या खेपेला मी नावांची फाइल घेऊन गेलो आणि व्याख्यानांच्या वेळात बाहेर चहाच्या टेबलापाशी बसलो. तेथे मल्याळम लिपीवर काम करणारे एक गृहस्थ भेटले. मी त्यांना कऱ्हाडकर मावशींची अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी वाक्य पूर्ण होण्याआधीच मान हलवली. त्यांच्याकडच्या चिल्लू अक्षरांची, म्हणजे स्वर नसलेल्या काही व्यंजनांच्या खास रूपांची, कथा हीच होती: आधी ती न दिसणाऱ्या जोडचिन्हाने लिहीत, मग युनिकोड ५.१ मध्ये त्यांना स्वतंत्र स्थाने मिळाली, आणि जुन्या व नव्या रूपांतील मजकूर एकमेकांना ओळखेनासा झाला. साठवण्याआधी एकरूप करणे आणि शोधतानाही तोच नियम लावणे ही पद्धत मी त्यांच्याकडून शिकलो. त्या अर्ध्या तासाने मला जे दिले ते नंतर ध्वनिचित्रफितीवर पाहता येईल अशा कोणत्याही व्याख्यानाने दिले नव्हते.

म्हणून आम्ही टिळकवाडीतील एका शिकवणी वर्गाच्या खोलीत, महिन्यातून एका रविवारी, सात-आठ जण जमू लागलो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतात, उद्यमबागेतील कारखान्यांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिणारे दोघे असतात, निपाणीहून एक जण सकाळच्या बसने येतो. बोलणे मराठीत सुरू होते, कोणी कन्नडमध्ये प्रश्न विचारतो, उत्तर दोन्हींची सरमिसळ करून दिले जाते, आणि यात कोणाला काही विशेष वाटत नाही. नियम एकच ठेवला आहे: नवे साधन दाखवायचे असेल तर आपल्या रोजच्या कामातला नमुना त्यावर चालवून दाखवायचा, साधनासोबत आलेले उदाहरण चालणार नाही. यूव्ही हे पायथॉनचे पॅकेज बसवणारे साधन २०२४ च्या फेब्रुवारीत आले तेव्हा निपाणीच्या मित्राने ते वेगासाठी दाखवले नाही. एकदा उतरवलेली पॅकेजे ते संगणकावर जपून ठेवते आणि पुढच्या प्रकल्पात तीच वापरते, हे त्याने गावातल्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर दाखवले. आम्ही सर्वांनी ते त्याच आठवड्यात स्वीकारले.

कोड लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांनाही आम्ही याच कसोटीला लावले. आडनावांची यादी क्रमाने लाव, असे एकाला सांगितले. त्याने क्षणात नीटनेटका कोड दिला आणि काळे पहिल्या क्रमांकावर आले. मराठीचा क्रमनियम वापर, असे सांगितल्यावर त्याने तितक्याच सहजतेने योग्य कोड दिला. उत्तर त्याच्यापाशी होते. ळ कोठे बसतो हा प्रश्न आपल्याला पडायला हवा होता. मी ही साधने रोज वापरतो आणि कंटाळवाण्या कामातून त्यांनी मला सोडवले आहे, परंतु शिकाऊ मुलांना मी आधी ही फाइल हाताने तपासायला देतो.

गेल्या बैठकीत एका विद्यार्थिनीने आमच्या फाइलची कन्नड प्रत तयार करून आणली. सर्व एकशे सत्याऐंशी नावे तिने स्वतः लिप्यंतरित केली आहेत, तीही यंत्राने न करता आपल्या आजीला विचारून, कारण काही आडनावे कन्नडमध्ये कशी लिहितात हे दाखल्यांवरूनही कळत नाही. जोडाक्षरे असलेल्या नावांवर तिने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. जोडाक्षरे अखंड ठेवण्याच्या नियमात कन्नडचा समावेश व्हावा यासाठी युनिकोडकडे उदाहरणांसह लिहायचे आम्ही ठरवले आहे. मसुदा ती लिहीत आहे, मराठीची जोडीची उदाहरणे मी देणार आहे. पुढच्या रविवारी दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून आम्ही पहिल्या ओळीपासून वाचायला बसणार आहोत.