जमत नाही, राहवत नाही आणि इंग्रजीतलं कान्ट

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी टीमला मेल टाकला होता, आय कान्ट एबल टू कम टुमॉरो. कोणी काही बोललं नाही, सुट्टी पण मिळाली, पण शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण हळूच म्हणाली की अगं एकतर कान्ट लिही नाहीतर अनेबल, दोन्ही कशाला एकाच वाक्यात. आणि तू येणार नाहीस एवढंच सांगायचंय ना, मग आय कान्ट मेक इट म्हण की. मेक इट? मी काय बनवणारे? तेव्हा खरंच कळलं नव्हतं.

आपली गोची अशी की शाळेत कॅन म्हणजे शकणे असं पाठ केलेलं, आणि मराठीत बोलताना आपण शकत नाही फार म्हणतच नाही हो. जमत नाही, येत नाही, होत नाही, परवडत नाही असं प्रत्येकाला वेगळं क्रियापद. इंग्रजीत कान्ट एकच, पण त्याच्या पुढचा जोडीदार ठरलेला, तो बदलला की वाक्य विचित्र वाटतं.

म्हणजे अफोर्ड घ्या. एवढं भाडं परवडत नाही म्हणजे कान्ट अफोर्ड, हे सगळ्यांना माहीत. पण वी कान्ट अफोर्ड टू लूज दिस क्लायंट ऐकलं तेव्हा मी पैशाचा हिशोब करत बसले, अर्थ होता हा क्लायंट घालवून चालणार नाही. कान्ट टेल द डिफरन्स मध्ये पण कोणी कोणाला काही सांगत नसतं, फरक कळत नाही एवढंच. ओ की ठो कळत नाही याला कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ इट, म्हणजे डोकं कुठलं नि शेपूट कुठलं तेच समजेना, हे मला भारी आवडतं.

आणि कान्ट हेल्प! आय कुडन्ट हेल्प लाफिंग, मी कितीतरी वर्षं समजत होते की हसायला मदत करता आली नाही 😄 आपलं राहवलं नाही, हसू आवरलं नाही तेच ते. पुढे आयएनजी लागतं, टू लाफ नाही. इनकेपेबलला पण ऑफ आणि आयएनजी, अनेबलला मात्र टू. वर अनेबल पण नाम केलं की इनॅबिलिटी, अन चा इन कधी झाला कोण जाणे, हे घोकायलाच लागतं.

मला सगळ्यात अवघड गेलं ते आपलं बघवत नाही, बोलवत नाही, करवत नाही. व्याकरणात यांना शक्य क्रियापदं म्हणतात. इंग्रजीत तसा एक प्रत्यय नाही, त्यामुळे दर वेळी नवा जुगाड, बघवत नाही ला कान्ट बेअर टू वॉच, त्याला सांगवेना ला कुडन्ट ब्रिंग मायसेल्फ टू टेल हिम. चार चार शब्द!

मागच्या महिन्यात आईला तिसऱ्या मजल्यावरच्या मावशीकडे जाऊया म्हटलं तर म्हणाली नको गं, आता जिने चढवत नाहीत. परदेशातल्या भाचीला फोनवर ते इंग्रजीत सांगताना मी आधी शी कान्ट क्लाइंब म्हटलं, ती घाबरलीच, पडली का आज्जी म्हणून. मग म्हटलं नाही गं, शी इज जस्ट नॉट अप टू इट एनीमोअर, म्हणजे आता तेवढं झेपत नाही. हां मग ठीके, म्हणाली.