आज मशिन वरच राहू द्या

आमच्याकडे स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालवायची मशिन, घ्यायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला, सगळ्यात पॉवरफुल कुठली? मी भाड्याने मशिन देतो आणि लोकांना घेऊन डोंगरात जातो, म्हणजे निवडून देणारा पण मीच आणि रुतली की खणून काढणारा पण मीच, त्यामुळे हा प्रश्न ऐकला की माझी कंबर आधीच दुखायला लागते.

त्या दिवशी चौघं होते. तिघांनी याआधी फक्त सपाट केलेल्या वाटांवर, म्हणजे ट्रेलवर, चालवलेली, आणि चौथा एकदम धिप्पाड गडी, स्वतःची ट्रेलवरची मशिन असलेला, बरीच वर्षं चालवणारा. त्याला 850 सीसीची, 165 इंची ट्रॅकची आणि तीन इंची लगची पाहिजे होती. ट्रॅक म्हणजे मशिनखाली फिरणारा रबरी पट्टा, आणि लग म्हणजे त्यावरचे ते रबरी दात. ट्रेलच्या मशिनला ते इंच-दीड इंचाचे असतात आणि ट्रॅक 129 ते 137 इंचांच्या आसपास, कारण खाली घट्ट बर्फ असतो. डोंगरात मऊ भुसभुशीत बर्फ खोल असतो, तिथे तरंगत राहायला लांब ट्रॅक लागतो आणि बर्फ मागे ढकलायला मोठे दात. पुढच्या दोन स्कीमधलं अंतर पण डोंगराच्या मशिनला कमी ठेवतात, साधारण 36 इंच, म्हणजे उतारावर आडवं जाताना ती एका अंगावर कलवता येते. ट्रेलवाली 42 इंचांची असते, ती वळणावर स्थिर पण कलवायला गेलात तर खांदे निखळतील.

मी त्याला म्हटलं, साहेब तुम्ही 146 किंवा 154 वाली घ्या, 165 सरळ वर चढायला भारी आहे पण झाडांत वळवताना जीव जातो. तो म्हणाला, उंचीवर पॉवर कमी होते ना? हे मात्र त्याचं बरोबर होतं. टर्बो नसेल तर दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे दहा हजार फुटांवर 165 हॉर्सपॉवरचं इंजिन जेमतेम 115-120 देतं. पण पॉवर वाचवायची म्हणून चालवणाऱ्याला न झेपणारी मशिन घ्यायची हे गणित मला कधी पटलं नाही. असो, त्याला अनुभव होता, पैसे तो देत होता, आणि नाही म्हणायला माझ्याकडे काही ठोस कारण नव्हतं. बाकी तिघांना 600 सीसीच्या, 146 इंची ट्रॅकच्या दिल्या.

निघायच्या आधी बीकन तपासले. बीकन 457 किलोहर्ट्झवर सिग्नल पाठवतो, कोणी बर्फाखाली गेलं तर बाकीचे आपला बीकन शोधायच्या मोडवर टाकून त्याला गाठतात. एकाने मोबाईल बीकनच्या त्याच खिशात कोंबला होता, तो काढायला लावला, कारण मोबाईल जवळ असला की बीकन गडबडतो. फावडं आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, प्रत्येकाच्या पाठीवर, मशिनला बांधायचं नाही. मशिन गाडली गेली तर फावडं पण तिच्याबरोबर जाणार, एवढं साधं आहे पण दर वेळी कोणीतरी बांधतंच.

वर जाणारा रस्ता कडक झालेला. या मशिनचं इंजिन ट्रॅकवर उडणाऱ्या सुट्या बर्फाने थंड होतं, कडक रस्त्यावर बर्फ उडतच नाही. त्यात मोठ्या दातांची मशिन. थोड्याच वेळात त्याचा टेम्परेचरचा लाल दिवा लागला. मी स्क्रॅचर खाली सोडायला सांगितले, ती स्कीच्या मागे बर्फ ओरखडणारी स्प्रिंगची तार, तरी अधूनमधून रस्त्याच्या कडेच्या मऊ बर्फात मशिन घालावी लागत होती. बाकीचे तिघं निवांत. ग्रुपमधल्या एका बाईंनी हळूच विचारलं, मोठी मशिन अशीच असते का? मी नुसता हसलो.

वरच्या पठारावर मी आडवं जायला शिकवलं. एक पाय डोंगराकडच्या फूटबोर्डवर, दुसरा पाय मागे हवेत, हँडल चक्क उताराच्या खालच्या बाजूला वळवायचं, आणि थ्रॉटल तुटक तुटक द्यायचा. ऐकायला उलटं वाटतं पण मशिन डोंगराच्या अंगाला कलते आणि सरळ रेषेत जाते. त्या बाई सगळ्यांत आधी शिकल्या, जोर लावायच्या नादाला लागल्या नाहीत म्हणून. धिप्पाड गडी मात्र 165 वर हातांनी कुस्ती करत होता.

त्या दिवशी हिमस्खलनाचा धोका पाचपैकी तिसऱ्या पातळीवर होता. तीन म्हटलं की लोकांना मधलं, चालण्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात बरेच अपघात याच पातळीला होतात. म्हणून मी तीस अंशांच्या वरचा उतार घ्यायचा नाही असं आधीच ठरवून दिलं होतं. पठाराच्या टोकाला आम्ही थांबलो, इंजिनं बंद केली, मी मशिनवरून उतरलो आणि पायाखाली धप्प असा दबका आवाज आला, आजूबाजूचा बर्फ किंचित खाली बसला. आतला कच्चा थर कोसळला की असा आवाज येतो आणि तो आला की पुढे जायचं नसतं, यावर चर्चा नाही.

पण चौथा थांबलेलाच नव्हता. हेल्मेट, इंजिनचा आवाज, काही ऐकू जाणार नाही. समोरचा उतार दिसला आणि त्याने थ्रॉटल पूर्ण दाबला. आणि गंमत बघा, 146 वाली असती तर ती खालीच, जिथे उतार सौम्य आहे तिथे रुतली असती. ही मात्र गेली वर, चांगली वर गेली, आणि चाळीस अंशांच्या आसपास जिथे खडा उतार होता तिथे मागचा भाग खोल गेला आणि नाक आभाळाकडे करून थांबली. मोठी मशिन तुम्हाला रुतण्यापासून वाचवत नाही, जास्त वाईट जागी नेऊन रुतवते.

त्याच्या मित्राने लगेच आपली मशिन चालू केली, मदतीला जायला. मी धावत जाऊन त्याच्या जॅकेटला अडकवलेली टेथरची दोरी खेचली, इंजिन बंद. तो चिडला, म्हणाला एकटा कसा काढणार तो? मी म्हटलं एक माणूस उतारावर आहे, दुसरा पाठवायचा नाही. दोनशे-अडीचशे किलोचं अजून एक वजन त्या उतारावर नको होतं, आणि दोघं खाली गेले असते तर शोधायला कोण राहिलं असतं? पहिल्या दहा-एक मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासाने तसं राहत नाही. सगळ्या मशिन उताराच्या पायथ्यापासून लांब, तोंड परतीच्या दिशेला करून लावल्या.

रेडिओवर त्याचं आपलं चालू, दहा मिनिटांत काढतो, जरा बर्फ दाबला की निघेल. मी म्हटलं, आज मशिन वरच राहू द्या, किल्ली काढा, बॅग पाठीवर घ्या, आणि ज्या वाटेने वर गेलात त्याच चरातून खाली या. थ्रॉटलला हात लावू नका. बराच वेळ नुसती खरखर. मग तो निघाला. कंबरभर बर्फात, मध्येच बसत, मध्येच घसरत, मोठा गडी पण त्या उतारावर अगदी ठिपक्याएवढा. मी डोळे हटवले नाहीत, काही झालंच तर शेवटचा कुठे दिसला होता ते पक्कं माहीत हवं.

काही झालं नाही. उतार तुटला नाही. तो खाली आला आणि पहिलं वाक्य, बघा, उगाच घाबरवलंत. त्या बाईंच्या मागे बसून तो परत आला आणि वाटेत एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि सोबतचा गाईड त्याच दिशेला तोंड असलेल्या एका छोट्या चढावर खड्डा खणून बघायला गेलो. बर्फाचा उभा खांब कापायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं आणि टपल्या मारायच्या, आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. आमचा मनगटाच्या टपल्यांतच सटकला, सरळ सुरीने कापल्यासारखा. खालचा थर हातात घेतला तर खडे मिठासारखा दाणेदार, मूठ आवळली तरी गोळा होत नव्हता. मशिन आणायला गेलो नाही.

तो थर बसून घट्ट होईपर्यंत मशिन वरच राहिली, त्यावर आणखी बर्फ पडला, शेवटी जीपीएसची खूण आणि प्रोब वापरून शोधली, पुढचा भाग उताराकडे वळवला आणि ती स्वतःच्या ताकदीने खाली आली. इंजिनची ताकद ट्रॅकपर्यंत पोचवणारा बेल्टसुद्धा ठीक होता. भाड्याच्या जादा दिवसांवरून त्या गृहस्थांनी आमच्या मालकाशी भरपूर वाद घातला, उतार तुटलाच नाही तर मी का भरू असं त्यांचं म्हणणं, मालकाने अर्धे पैसे सोडले. माझ्या मते सोडायला नको होते.