बारा मिलीचा बिट आणि पोऱ्याची हजेरी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा आठवडा म्हणजे आमच्या धुळ्यात पॉवर टूल रिपेरिंगवाल्यांचा सीझन. वास्तुशांती, लग्नं, सगळ्यांना दारं त्याच मुहूर्तावर लावायची असतात आणि मशीनी पण नेमक्या तेव्हाच बसतात. एरवीचं काम म्हणजे कार्बन बदला, वायर बदला, जळलेलं आर्मेचर, म्हणजे मोटरीतला फिरणारा भाग, बघा. त्यामुळे साक्रीकडचा एक मिस्तरी गोणपाटात राऊटर, म्हणजे लाकडाला खाच आणि नक्षी मारायचं मशीन, गुंडाळून दुपारच्या उन्हात दुकानात आला तेव्हा मला वाटलं, असेल आर्मेचरच.

आर्मेचर ठणठणीत होतं. बिट अडकला होता. बिट म्हणजे मशीनमध्ये बसवायचं कापणारं पातं. हा सागवानी दाराच्या मोल्डिंगचा, बाहेरच निघत नव्हता. "आते काय करवानं भाऊ?" म्हणे, आखाजीला दार लावायचंय, आणि आधी ज्याला दाखवलं त्यानं सांगितलं शाफ्टच बदलावा लागेल. तो आधीचा कारागीर कोण ते मी विचारलं नाही, पण त्यानं काय काय करून ठेवलं होतं ते दिसतच होतं. शाफ्टला पाना लागायला ज्या दोन सपाट बाजू असतात त्या पाईप पान्यानं गोल करून टाकलेल्या. बिटाला प्लायरनं धरून पिळलेलं, एका धारेचं कार्बाईड उडालेलं. कार्बाईड कडक असतं पण ठिसूळ असतं, त्याला पकडीत धरायचं नसतं आणि हातोडी तर दाखवायची पण नसते, कारण उभा घाव घातला की तो सरळ बेरिंगवर जातो. हे ज्याला माहीत नाही त्यानं दुकानावर बोर्ड कशाला लावायचा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. राऊटरमध्ये बिटाची दांडी कॉलेटात, म्हणजे चिरा असलेल्या पकडीच्या नळीत, बसते, कॉलेट शाफ्टच्या निमुळत्या खोबणीत बसतो आणि वरून नट आवळला की कॉलेट आत दबून दांडीला धरतो. सोडताना नट एकदा सैल होतो, मग थोडा मोकळा फिरतो आणि परत कडक लागतो. इथेच लोक थांबतात आणि बिट ओढत बसतात. खरं तर ते दुसरं कडक लागणं म्हणजेच नट कॉलेटाला बाहेर खेचतोय, तिथे पान्यानं अजून जोर द्यायचा की बिट टपकन हातात येतो. नटाच्या आत एक बारीक रिंग असते, तिच्यामुळे नट कॉलेटाला धरून राहतो. आधीच्या महाशयांनी नट पिळून पिळून ती रिंगच उडवली होती. आता नट वेगळा निघून हातात, कॉलेट आणि बिट आत, आणि खेचणारं काहीच नाही.

मोटर बेसमधून काढली, ब्लोअरनं भुसा उडवला, फटींमध्ये गंज सोडवायचं तेल सोडलं आणि चहा मागवला. तेलाला वेळ द्यावा लागतो, मिस्तरीला तो वेळ देववत नव्हता, सारखा उठून बघत होता. तेवढ्यात मी शाफ्टच्या सपाट बाजू कानशीनं सारख्या केल्या, पाना बसेल इतपतच. मग जुन्या स्प्रिंगच्या तारेतून रिंग वाकवली. हे काम मी मुद्दाम सविस्तर सांगतोय कारण त्याचं बिल कुणी देत नाही. तार जाड झाली तर नट बसत नाही, बारीक झाली तर जोर लागला की सटकते, आणि टोकं कानशीनं उतरवली नाहीत तर खाचेत अडते. मापात आली तशी कॉलेटाच्या खाचेत घातली, वरून नट दाबला, टक् आवाज आला आणि नटानं कॉलेट परत धरला. शाफ्टच्या तोंडाला बाहेरून हीट गननं थोडी ऊब दिली, थोडीच, मागे लगेच बेरिंग आहे आणि त्यातलं ग्रीस पातळ होतं, आणि बिटावर ओलं फडकं. दोन्ही पाने लावून जोर दिला, नटावर बाजूनं पितळी रॉडनं टकटक केलं, परत जोर. कडाक्!

"निंघी गया!" मिस्तरी ओरडला तर शेजारचा मोटर वाइंडिंगवाला पण बघायला आला.

कॉलेट बघितला आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी डोकं फिरलं. कॉलेट अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिली. बिटाच्या दांडीला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावला, सरळ १२ मिली. हार्डवेअरवाले दोन्ही एकाच खोक्यातून काढून 'अर्धा इंची' म्हणून देतात. सात दशांश मिली म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तेवढ्यासाठी कॉलेट फक्त तोंडाशी दबतो, दांडीला पूर्ण लांबीत धरत नाही. बिट सरकतो, म्हणून अजून आवळायचं, परत सरकतो, परत आवळायचं, मग पान्याला पाईप घालून आवळायचं. वर दांडी पार तळाला टेकवलेली, खाली दोन-तीन मिली जागा ठेवायची असते हे कुणी सांगितलेलंच नाही. तोंडाशी दांडी निळी-काळी पडली होती आणि धातू धातूला चिकटल्याची गोल खूण होती. मिनिटाला वीस हजारच्या वर फिरणारी वस्तू ही, सुटली असती तर कुणाच्या पोटात गेली असती.

मिस्तरी म्हणाला, इतके दिवस हाच बिट याच मशीनमध्ये चालला, मग आताच कसा अडकला? "या पोऱ्यानं लई आवळलं, दुसरं काही नाही."

तेव्हा माझं लक्ष गेलं. सोबत एक हेल्पर पोऱ्या होता, सतरा-अठराचा असेल, इतका वेळ मशीन धरून गप उभा. त्याची त्या दिवसाची हजेरी कापली होती, वरून शाफ्टचा खर्च पण त्याच्याच पगारातून जाणार असं ठरलेलं. मी कॉलेट मिस्तरीच्या हातात दिला, तोंड कसं दबलंय ते दाखवलं, म्हटलं हे एका दिवसाचं काम नाही, तुम्ही आवळलं असतं तरी अडकलाच असता. पोऱ्यानं व्हर्नियर बघू का म्हणून विचारलं. दांडीला लावला, कॉलेटवरचा आकडा वाचला आणि काहीच बोलला नाही. मिस्तरी पण नाही बोलला. तोच कॉलेट परत बसवून द्या म्हणे, एवढं दार होऊ द्या. मी दिला नाही. चिडला, गावभर सांगेन म्हणाला. नाशिकच्या डीलरला फोन लावून १२ मिलीचा कॉलेट नटासकट संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायला लावला, रात्री आग्रा रोडला जाऊन मीच घेतला, सकाळी नवीन बिटासकट मशीन चालू करून दिलं. दार वेळेवर लागलं.

पैसे मिस्तरीनं न कुरकुरता दिले. हजेरीचं मात्र तेव्हा मला विचारता आलं नाही. दुसऱ्याच्या माणसाचा पगार हा आपला विषय नाही असं आमच्या लाईनीत सगळेच मानतात, मी पण मानायचो. आठवड्यानं त्याचा फोन आला तेव्हा विचारलंच, पोऱ्याचं काय केलं?

"ते जाऊ द्या ना भाऊ," म्हणे, "बारा मिलीचा कॉलेट अजून एक मागवून ठेवा."