मॉलेक्युलर बायोलॉजीची एएससीपी परीक्षा, दुसऱ्या प्रयत्नात पास, माझा अनुभव

मागच्या महिन्यात एमबी एएससीपी पास झाले. अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल पॅथॉलॉजीची ही मॉलेक्युलर बायोलॉजीची, म्हणजे लॅबमधल्या डीएनए-आरएनएच्या तपासण्यांची, सर्टिफिकेशन परीक्षा. पहिल्या वेळी नापास झाले होते, ३७२ आले आणि पास व्हायला ४०० लागतात. तेव्हा मराठीत याबद्दल काहीच वाचायला मिळालं नव्हतं म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नागपूरची, मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं आणि मग तिथेच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चार वर्षं टीबीच्या टेबलवर होते. सकाळपासून थुंकीचे नमुने आणि सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारं मशीन. बफर टाकायचा, हलवायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, कार्ट्रिजमध्ये भरायचं, दोन तासांनी रिपोर्ट येतो, रिफाम्पिसिन रेझिस्टन्स (टीबीचं ते औषध जंतूवर चालत नाही) आहे की नाही ते रजिस्टरला लिहायचं. लग्नानंतर न्यू जर्सीला आले, लेक झाली, वर्क परमिट यायला वेळ गेला, मग एका लॅबमध्ये नमुने उतरवून घ्यायच्या कामाला लागले आणि तिथून मॉलेक्युलरमध्ये. पदवी आणि क्लिनिकल लॅबमधला अनुभव या मार्गाने परीक्षेला बसता येतं, तसा फॉर्म भरला.

पहिल्या वेळी मला मनापासून वाटत होतं की हे तर मी रोज करते, पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य कॉपी करायची पद्धत) लावते, रिझल्ट बघते, दोन महिने वाचलं की होईल. परीक्षेत १०० प्रश्न, अडीच तास. कॉम्प्युटर तुमच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न निवडतो, बरोबर आलं की पुढचा जरा अवघड येतो, प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, शेवटी मात्र मागे जाऊन बघता येतं. हे मला माहीत होतं पण तिथे बसल्यावर प्रश्न अवघड होत गेले तशी मी घाबरले, वाटलं सगळंच चुकतंय, आणि मग येत असलेलंही चुकलं. नापास झाल्यावर कोणत्या भागात किती आले ते कळतं. माझा सगळ्यात कमी स्कोअर लॅब ऑपरेशन्समध्ये होता. म्हणजे जे काम मी रोज करते त्याच्यात. त्या रात्री झोप लागली नाही.

आठवडाभर पुस्तक उघडलं नाही. मग एक दिवस कामावर घडलं ते सांगते. आमच्या रनमध्ये, म्हणजे मशीनमध्ये एका वेळी लावलेल्या ट्यूबमध्ये, एनटीसी, म्हणजे ज्यात पेशंटचा नमुना नसतो, नुसतं पाणी असतं ती ट्यूब, तिचा कर्व्ह वर आला, म्हणजे तिच्यातही डीएनए दिसला. सीटी, म्हणजे कितव्या सायकलला सिग्नल दिसतो तो आकडा, ३६ च्या आसपास. सगळा रन रद्द. परत लावला, परत आला. पूर्ण दिवस दहा टक्के ब्लीचने हूड, पिपेट, रॅक पुसण्यात गेला आणि शेवटी कळलं की एक रॅक पोस्ट पीसीआरच्या खोलीतून मास्टर मिक्सच्या (पीसीआरची रसायनं मिसळतात त्या) खोलीत आला होता. एवढंच. एक रॅक! पीसीआर झालेल्या ट्यूबमध्ये त्या तुकड्याच्या अब्जावधी कॉपी असतात, झाकण उघडताना अगदी सूक्ष्म थेंब उडाला तरी पुढच्या रनला तो पेशंटसारखाच दिसतो.

ब्लीचने पुसता पुसता मला परीक्षेतला एक प्रश्न आठवला, यूएनजी नावाच्या एन्झाइमचा. चुकले होते तो. ते एन्झाइम आमच्या एका किटच्या मास्टर मिक्समध्येच असतं, सुरुवातीला ५० डिग्रीला दोन मिनिटं ट्यूब ठेवतो ती त्याच्यासाठीच, आणि मी वर्षभर तो प्रोग्रॅम लावत होते पण ती दोन मिनिटं कशाला हे कधी विचारलंच नव्हतं. तर आपण पीसीआर करताना थायमिनच्या जागी युरॅसिल वापरायचं, म्हणजे आपण बनवलेल्या प्रत्येक कॉपीत युरॅसिल येतं. पुढच्या रनला जुनी कॉपी चुकून पडलीच तर यूएनजी तिच्यातलं युरॅसिल कापून तिला निकामी करतं, पेशंटच्या डीएनएत थायमिन असतं म्हणून त्याला हात लावत नाही, आणि पुढे ९५ डिग्रीला ते स्वतः मरतं त्यामुळे नवीन कॉपी वाचतात. मला हे इतकं सुंदर वाटलं की घरी येऊन नवऱ्याला पोळ्या लाटता लाटता सगळं सांगितलं, तो सॉफ्टवेअरवाला, पण त्यालाही समजलं.

तिथून मी अभ्यासाची पद्धतच बदलली. पुस्तकाच्या धड्याने नाही, आपल्या दिवसाच्या क्रमाने वाचायचं. सकाळी नमुना हातात येतो तेव्हा जांभळ्या टोपीची ट्यूब का, हिरवी का नाही, तर हिरवीतलं हेपॅरिन पीसीआर अडवतं. डीएनए काढला की २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या रीडिंगचं) का बघतो, १.८ च्या आसपास हवं, खाली गेलं तर प्रोटीन राहिलंय. असं प्रत्येक पायरीला 'का' लिहायचं आणि उत्तर येत नसेल तरच पुस्तक उघडायचं. आणि मग मी नागपूरच्या टेबलवर परत गेले, मनाने. सीबीनॅटमध्ये आतमध्ये काय होतं? टीबीच्या जंतूच्या आरपीओबी जीनचा ८१ बेसचा (अक्षरांचा) एक तुकडा, त्यावर पाच प्रोब, म्हणजे त्याला चिकटून सिग्नल देणारे छोटे तुकडे, पाचही नॉर्मल सिक्वेन्सवर बसतील असे बनवलेले. म्युटेशन, म्हणजे अक्षर बदललेलं, असेल तर त्या जागेचा प्रोब नीट बसत नाही, सिग्नल उशिरा येतो किंवा येतच नाही, आणि मशीन रेझिस्टन्स लिहितं. चार वर्षं मी तो शब्द रजिस्टरमध्ये लिहिला, लाल पेनने. त्या पेशंटचे चेहरे आठवले. तेव्हा माहीत असतं तर काम वेगळं केलं असतं असं नाही, पण माहीत असायला हवं होतं.

गणित मात्र हाताने करावंच लागतं. उदाहरण देते, डीएनए १:५० पातळ केला, २६० ला रीडिंग ०.२५ आलं, मूळ किती? ०.२५ गुणिले ५० (डबल स्ट्रँडेड डीएनएचा आकडा, आरएनएला ४०) गुणिले परत ५०, कारण पातळ केलंय, म्हणजे ६२५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. पहिल्या वेळी मी दुसरा ५० विसरले होते आणि १२.५ हा पर्याय समोर होताच, हे लोक नेमका तोच पर्याय ठेवतात. सीटीचंही तसंच, दहापट फरक म्हणजे साधारण ३.३ सायकल, हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धे प्रश्न सुटतात.

पाठांतर थोडं आहेच. ट्रायन्यूक्लिओटाइड रिपीट, म्हणजे डीएनएची तीन अक्षरं परत परत येऊन होणारे आजार, मला काही केल्या लक्षात राहत नव्हते, मग मराठीत बसवले. फ्रेडराईक ॲटॅक्सिया जीएए, म्हणजे 'गा', फ्रेडराईक गा. हंटिंग्टन सीएजी, 'काग', शिकारी कावळ्याच्या मागे. फ्रॅजाइल एक्स सीजीजी, आमच्या शेजारच्या जिजी शेवटी शेवटी फार नाजूक झाल्या होत्या, त्या. आणि मायोटॉनिक डिस्ट्रॉफी सीटीजी, बाळंतपणाआधी पोटाला पट्टा बांधून सीटीजी काढतात ते. ट्रान्सलोकेशन, म्हणजे दोन क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल, फ्रिजवर मास्किंग टेपने चिकटवले, ९;२२ सीएमएल, १५;१७ एपीएल (दोन्ही रक्ताचे कॅन्सर), दूध काढताना वाचायचे.

आणि सिकलसेल. विदर्भातल्या माणसाला हा आजार सांगावा लागत नाही, आमच्या ओपीडीत गडचिरोली, चंद्रपूरकडची पोरं यायची, डोळे पिवळे, हातपाय दुखतात म्हणून रडणारी. हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये सहाव्या कोडॉनला (तीन अक्षरांच्या गटाला) जीएजीचं जीटीजी होतं, एका अक्षराचा फरक. त्या फरकाने एमएसटी टू या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची कापायची जागाच नाहीशी होते. म्हणजे नॉर्मल जीनचे दोन तुकडे पडतात, सिकलचा एकच मोठा राहतो, आणि एएस (एक जीन नॉर्मल, एक सिकल) असेल तर जेलवर, जिथे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात, तिन्ही पट्टे दिसतात. हे मी लेकीच्या मॅग्नेटिक पाटीवर काढून बघत होते, कडेला मार्करचे (लांबी मोजायचे) पट्टे, मग एए (नॉर्मल), एएस, एसएस (सिकलसेल). ती पाच वर्षांची, येऊन म्हणाली आई ही शिडी कशाला काढलीस? मार्करला लॅडरच म्हणतात, तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्याकडून पाटी परत मिळाली नाही, तिने शिडीवर मांजर काढलं.

दुसऱ्या वेळी साडेचार महिने घेतले, रोज पहाटे पाच ते साडेसहा, रविवारी दुपारी १०० प्रश्न घड्याळ लावून. परीक्षेला एकच ठरवून गेले, प्रश्न अवघड आला तर त्याचा अर्थ मागचा बरोबर आला असा घ्यायचा. साठाव्या प्रश्नाच्या आसपास खरंच काहीतरी भयंकर आलं, मी पाणी नाही, काही नाही, नुसते डोळे मिटून दहा श्वास घेतले आणि पुढे गेले. शेवटी स्क्रीनवर पास आलं तेव्हा बाहेर येऊन गाडीत बसून रडले. नंतर ऑफिशियल स्कोअर आला, ४६८.

भारतातून डिग्री असलेल्यांनी एक गोष्ट सगळ्यात आधी करा, क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन, म्हणजे आपली डिग्री अमेरिकेतल्या डिग्रीच्या बरोबरीची आहे का याची तपासणी. अभ्यासापेक्षा जास्त वेळ मला त्यात गेला. ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीकडून सीलबंद पाकिटात लागतात, माझ्या भावाने नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना बघायला पाकीट प्रेमाने उघडलं आणि पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा दोन महिने. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.