नगर ते बीड रेल्वेने: साडेपाच तासांची गाडी, तीस वर्षांचा रूळ

नगरला रिक्षात बसताना ‘अहिल्यानगर स्टेशन’ म्हणालो, तर रिक्षावाल्याने वळून बघितलं आणि ‘नगरचंच ना?’ असं विचारून खात्री करून घेतली. बीडची डेमू, म्हणजे डिझेलवर धावणारी साधी लोकलसारखी गाडी, सकाळी सातच्या सुमारास सुटते. आरक्षणाची भानगड नाही. खिडकीवर तिकीट काढायचं, जागा दिसेल तिथे बसायचं. तिकीट पन्नासच्या आत, म्हणजे एसटीच्या साधारण पाव हिस्सा. फक्त रविवारी जाऊ नका, गाडी नसते. बाकी वेळापत्रक निघण्याआधी एकदा बघून घ्या, नव्या मार्गावर वेळा बदलत राहतात.

आष्टीपर्यंतचे ६६ किलोमीटर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाले. तिथून बीडला गाडी पोचायला १७ सप्टेंबर २०२५, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन उजाडला. हा मार्ग पुढे परळीपर्यंत धरून २६१ किलोमीटरचा. मंजुरी १९९५-९६ ची, तेव्हाचा अंदाज ३५३ कोटींचा. आता तो आकडा ४,८०५ कोटींवर गेलाय. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे.

माझ्या समोर एक आजोबा नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांची दीड एकर ह्याच रुळाखाली गेलेली. ‘सर्व्हेवाले आले तवा ह्याचा बाप शाळेत जात होता,’ म्हणाले. मग खिडकीतून बोट करून नातवाला दाखवलं, ‘ती लिंबाची लाइन दिसती का? तिथून अलीकडं आपलं होतं.’ मोबदला? ‘मिळाला की. उशिरा मिळाला, पण चांगला मिळाला.’

खर्च कशामुळे फुगला त्याचं अर्धं उत्तर त्या ‘उशिरा पण चांगला’मध्ये आहे. जुन्या पद्धतीत नव्या मार्गाला १४ टक्के परतावा दाखवावा लागायचा. बीडसारख्या जिल्ह्याला तो कुठून दाखवता येणार? मग ‘सामाजिक गरज’ म्हणून मंजुरी मिळायची आणि दर बजेटला नावापुरती तरतूद व्हायची, काम पिंक बुकात, म्हणजे रेल्वे बजेटच्या कामांच्या यादीत, जिवंत राहील एवढीच. तेवढ्यात २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत गेला. शेतकऱ्याचं भलं झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण ज्या जमिनी आधीच घेता आल्या असत्या त्या रेंगाळल्यामुळे महागात पडल्या. निम्म्या-निम्म्या वाट्यातही गोम आहेच. एका खिशातून पैसे यायला उशीर झाला की दुसऱ्या खिशालाही थांबायला कारण मिळतं.

समृद्धी महामार्ग आठवून बघा. ७०१ किलोमीटर, खर्च सुमारे ५५ हजार कोटी, दहा पट मोठं काम. नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू, सगळा रस्ता जून २०२५ मध्ये पुरा. तिथे कर्ज उभं राहिलं, कारण टोल दाखवता आला. पन्नास रुपयांच्या तिकिटावर कोणती बँक कर्ज देईल? माझं म्हणणं एवढंच आहे की टोल दाखवता येतो म्हणून रस्ता आधी आणि येत नाही म्हणून रेल्वे तीस वर्षं मागे, ह्याला प्राधान्यक्रम म्हणू नये. तो सावकाराचा हिशोब झाला.

आष्टीनंतर गाडी बालाघाटाच्या उतारांमधून जाते. काळा खडक कापून काढलेल्या खिंडी, मग एकदम उघडं माळरान, कपाशी, तूर. ह्या पट्ट्यासाठी तरी प्रवास करावा. खाली रस्त्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या दिसल्या, ट्रॅक्टरवर संसार, भांडी, वर बसलेली पोरं. त्यांच्यासाठी ही रेल्वे अजून काही कामाची नाही, त्यांना फडाच्या बांधापर्यंत जायचं असतं.

पाणी आणि डबा बरोबर घ्या. मी भरवशावर गेलो आणि राजुरीपर्यंत शेजारच्या बाईंच्या धपाट्यांवर निभावलं.

बीडला साडेबाराच्या सुमारास पोचलो. इथे एक फसगत होऊ शकते, ती सांगून ठेवतो: हीच गाडी अर्ध्या तासात परत फिरते. त्याच गाडीने परतायचं ठरवलं तर बीड दिसणारच नाही. पाण्यातलं कंकालेश्वराचं देऊळ आणि निजामशाहीतली खजाना विहीर बघायची असेल तर दुपार मोकळी ठेवा, आणि मुक्काम करा किंवा संध्याकाळी एसटी धरा.

मी एसटी धरली. रस्त्याने अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, रेल्वेने १६६. लागले साडेतीन तास. शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते, त्यांना तिकीट शून्य. पुढच्या सीटवरच्या दोघी बहिणी अर्ध्या तिकिटावर. ह्या सवलतींचे पैसेही राज्यच भरतं आणि शेजारच्या रुळाचे निम्मे पैसेही राज्याचेच. गृहस्थांना विचारलं, रेल्वेने का नाही गेलात? ‘सकाळच्या कामाला गेलो होतो बीडला, रेल्वे दुपारी पोचती,’ म्हणाले, आणि कानटोपी ओढून झोपले.