अवधान

नागपुरात, महाल भागात, आमच्या समोर राहणाऱ्या काकूंना आमच्या घरातलं काही कळून घ्यायला आत यावं लागत नाही. गॅलरीतल्या तारेवर काय वाळतंय, तेवढं त्यांना पुरतं. अनोळखी लुंगी दिसली की ओट्यावरूनच हाक येते, "पाहुणे आले का जी?" मे महिन्यात 45 अंशाच्या उन्हात कपडे अर्ध्या तासात कडक होतात, तेवढ्यातही त्यांची पाहणी उरकलेली असते.

आपल्या अंगातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, याच जातीच्या. पेशीच्या आत डोकावणं त्यांना जमत नाही. म्हणून पेशीच आतली प्रथिनं प्रोटिएझोम नावाच्या कात्रीत घालून कातरते आणि 8 ते 10 अमिनो आम्लांची एकेक चिंधी एमएचसी नावाच्या रेणूच्या खोबणीत अडकवून बाहेर टांगते. लाल रक्तपेशी सोडल्या तर जवळपास सगळ्यांच्या दारात ही तार आहे. एरवी तिच्यावर घरचंच धुणं असतं. विषाणू घुसला की त्याचीही चिंधी लटकते, आणि ती ओळखणारी टी-पेशी अख्खी पेशीच मारून टाकते. काकू एवढ्या जहाल नाहीत.

काही विषाणू लबाड, ते तारच काढून घेतात. पण तार दिसली नाही की संशय येणाऱ्याही पेशी आहेत, नॅचरल किलर नावाच्या. आम्ही चार दिवस माहूरला काय गेलो, परतल्यावर काकू म्हणाल्या, "कपडेच नाही दिसले बाप्पा, जीव घाबरला ना माझा!"

1974 साली कॅनबेरात झिंकरनागेल आणि डोहर्टी या शास्त्रज्ञांना उंदरांत दिसलं, की टी-पेशी विषाणूची चिंधी ओळखते ती आपल्याच जातीच्या तारेवर असली तरच. काकूंना धंतोलीत नेऊन उभं केलं, तर लुंगी कोणाची हे त्या तरी कशा सांगणार? या शोधाला नोबेल मिळायला 1996 उजाडलं.

हे सगळं आठवायचं कारण माझा पाय. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत चप्पल निसटली आणि तळव्यात काच गेली. तिसऱ्या दिवशी जांघेत गाठ. काकूंनी लांबूनच निदान केलं, "काऊन रे, लंगडून राहिला? अवधान आलं वाटते."

पायाला जखम आणि गाठ जांघेत, याचं लहानपणी मला फार नवल वाटायचं. मधला प्रवास करतात डेंड्रायटिक पेशी. जखमेपाशी जंतू गिळायचे, त्यांचे तुकडे दुसऱ्या प्रकारच्या एमएचसीवर लावायचे आणि लसीकावाहिनीतून, म्हणजे अंगातला पाझर वाहून नेणाऱ्या नळीतून, जांघेतल्या गाठीत जाऊन तिथल्या टी-पेशींना दाखवत बसायचं. ज्या थोड्यांना ओळख पटते, त्या भराभर वाढतात, गाठ फुगते. या पेशी 1973 मध्ये राल्फ स्टाइनमन यांनी ओळखल्या. त्यांना 2011 चं नोबेल जाहीर झालं, त्याच्या तीनच दिवस आधी ते गेले होते. समितीला पत्ताच नव्हता.

अवधान म्हणजे लक्ष, आणि त्या गाठीलाही आपण अवधानच म्हणतो. हा शब्द तिथवर कसा पोचला कोण जाणे, पण बसला अगदी चपखल.

आठवड्याने जखमेवरची कापडी पट्टी धुवून वाळत घालायची गरज उरली नाही. संध्याकाळी ओट्यावरून हाक आली, "उतरलं ना रे?"